नाकारायचं असेल तर लिहून नाकारा

प्रति,
पुणे शहर आणि जिल्ह्यात दिव्यांगत्वाची तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळांतील सर्व डॉक्टरांना

सविनय नमस्कार.

मी धनकवडीत राहते, एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि माझ्या मोठ्या भावाला सांभाळते. दादाला गेली एकवीस वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही अर्ज केला, तो नामंजूर झाला. मग अपील केलं आणि अपिलात तो मंजूर झाला. म्हणजे आमचं काम झालेलं आहे, मला स्वतःसाठी आता काही मागायचं नाही. तरीही लिहायला बसले, कारण आमचं अपील ज्या दोन कागदांमुळे टिकलं ते कागद मला कुणी आपणहून दिले नव्हते. ते मिळवायला मला सहा आठवडे लागले. माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या हातात ते कधी पडतच नाहीत.

माझं मागणं एकच आहे. ज्याला नाही म्हणाल, त्याला ते ‘नाही’ कागदावर द्या. कारण लिहून, दिलेले गुण लिहून, आणि दाद कुठे मागायची तो पत्ता लिहून.

आधी आमच्या तपासणीचा दिवस सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

आम्हाला नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात मानसिक आजारांची तपासणी आठवड्यातून एकच दिवस होती. दादाला गर्दी सोसत नाही. बसमध्ये कुणी हसलं की ते आपल्यालाच हसतायत असं त्याला वाटतं आणि तो मधल्याच स्टॉपवर उतरून जातो. म्हणून आम्ही अगदी पहाटेची बस धरली. आदल्या दिवशी मी त्याची नखं कापली होती, समोरच्या केशकर्तनालयात नेऊन दाढी करून आणली होती. सरकारी कामाला जायचं म्हणून त्याचा निळा शर्ट इस्त्री केला होता. आई असती तर तिनंही हेच केलं असतं. चार लोकांत माणूस नीट दिसावा, एवढाच विचार त्यामागे.

अंघोळीचंही सांगते. दादा आपणहून अंघोळ करत नाही. पाणी काढून द्यावं लागतं, कपडे हातात द्यावे लागतात, दाराबाहेर उभं राहून ‘साबण लावलास का’ असं दोन-तीनदा विचारावं लागतं. नाहीतर तो बादलीकडे बघत तसाच उभा राहतो. त्या दिवशी पहाटे साडेचारला हे सगळं उरकून आम्ही निघालो होतो.

आत बोलावलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. डॉक्टर शांत होते, दादाशी आदरानं बोलले, हे मला आवर्जून नोंदवायचं आहे. त्यांनी नाव विचारलं, तारीख विचारली, पंतप्रधान कोण ते विचारलं. दादानं सगळं बरोबर सांगितलं. ‘दिवसभर काय करता?’ ‘घरी मदत करतो.’ ‘काय मदत करता?’ ‘भाजी आणतो.’

दादा शेवटची भाजी आणायला गेला त्याला सहा वर्षं झाली. संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर पडला तो रात्री साडेअकराला कात्रजच्या तलावाजवळ सापडला, अनवाणी. पिशवी कुठे गेली ते त्याला सांगता आलं नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘त्यांना बोलू द्या.’ त्यांचं बरोबरच होतं, आधी पेशंटचं ऐकावंच. पण नंतर माझी पाळी आलीच नाही. सात-आठ मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

दादा खोटं बोलला नव्हता, डॉक्टर. त्याच्या मनात तो अजून भाजी आणणारा, भोसरीच्या कारखान्यात शिफ्ट करणारा माणूस आहे. या आजारात माणसाला स्वतःचा आजार दिसत नाही, हे आम्हा नातेवाइकांना तुम्हीच शिकवलंत. ‘इनसाइट’ हा शब्द मी तुमच्याच ओपीडीत पहिल्यांदा ऐकला.

पुढचे काही आठवडे मी ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर बघत होते. एका सकाळी अर्जासमोर एकच शब्द आला: ‘रिजेक्टेड’. कारणाची जागा रिकामी. रजा टाकून रुग्णालयात गेले. खिडकीवर सांगितलं, ‘चाळीस टक्क्यांच्या खाली आहे, बसत नाही.’ किती खाली, कशावरून, कुणी ठरवलं? ‘ते डॉक्टरांना माहीत.’ लेखी द्या म्हटलं, तर ‘ऑनलाइन दिसतंय की’. अशा तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला खिडकीवरच्या बाईंनी, त्यांचा स्वभाव चांगला होता, हळूच सांगितलं, ‘ताई, कशाला पाय तुडवताय, सहा महिन्यांनी नवा अर्ज टाका.’

त्यांचा सल्ला मायेचा होता. पण नवा अर्ज म्हणजे तीच रांग, तेच प्रश्न, तीच सात मिनिटं आणि पुन्हा इस्त्रीचा शर्ट. पहिल्या वेळी चूक कुठे झाली तेच कळलं नसेल, तर दुसऱ्या वेळी ती दुरुस्त कशी होणार?

मी कायदा शिकलेली नाही, पण नियम वाचायची सवय पोटापाण्याच्या कामामुळे लागली आहे. रात्री दादा झोपल्यावर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ वाचायला घेतला. दाखला कसा द्यायचा ते कलम ५८ मध्ये आहे आणि त्या निर्णयावर अपील करायचा हक्क कलम ५९ मध्ये. मग २०१७ चे नियम काढले. अर्जदार अपात्र ठरला तर वैद्यकीय प्राधिकरणानं त्याला कारणं लेखी कळवायची आहेत, असं त्यात स्पष्ट आहे. त्यासाठी छापील नमुनाही जोडलेला आहे, आठव्या क्रमांकाचा. अमुक तारखेला आपली तपासणी झाली, खालील कारणांमुळे दाखला देता येत नाही, असा त्याचा मजकूर. खाली कारणांसाठी ओळी सोडलेल्या. शेवटी, निर्णय मान्य नसल्यास फेरविचारासाठी कुणाकडे जायचं ते लिहायला मोकळी जागा.

तो नमुना बघून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मी तीन खेपांत जे मागत होते ते कुणीतरी आधीच विचार करून, ओळी आखून तयार ठेवलेलं होतं. फक्त भरून द्यायचं राहिलं होतं.

त्याच नियमांत पुढे अपिलाचं आहे. निर्णयाच्या तारखेपासून नव्वद दिवसांत अपील करायचं. अर्जदाराला स्वतः ते करणं शक्य नसेल तर पालकानं करायचं. अपील अधिकाऱ्यानं म्हणणं मांडायची संधी द्यायची आणि कारणांसहित आदेश काढायचा. आणि अपिलासोबत काय जोडायचं? ज्याविरुद्ध अपील आहे तो दाखला, किंवा नकाराचं पत्र.

डॉक्टर, इथे जरा थांबा. नकाराचं पत्र जोडल्याशिवाय अपील पुरं होत नाही आणि नकाराचं पत्र कुणी देत नाही. म्हणजे तोंडी ‘नाही’ म्हणताना तुम्ही फक्त दाखला नाकारत नाही. कायद्यानं त्या माणसासाठी उघडं ठेवलेलं पुढचं दारही, तुमच्या मनात नसताना, बंद होऊन जातं.

शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि दादाच्या तपासणीचा पूर्ण कागद मागितला. तोवर निर्णयाच्या तारखेपासून चाळीस दिवस उलटले होते. उत्तर आलं सदुसष्टाव्या दिवशी. दोन झेरॉक्स, दोन रुपये पानाप्रमाणे चार रुपये.

आता त्या कागदावर काय होतं ते सांगते. तुम्हाला हे मोजमाप माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण हे पत्र माझ्यासारखे नातेवाईकही वाचतील, म्हणून सविस्तर लिहिते. मानसिक आजारातलं दिव्यांगत्व मोजायला आपल्याकडे ‘आयडियाज’ नावाचं माप वापरतात. केंद्र सरकारच्या मोजमापाच्या अधिसूचनेत ते दिलेलं आहे. त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी घेणं, इतर माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. यात आजार किती वर्षांचा त्याचे गुण मिळवायचे: दोन वर्षांच्या आतला असेल तर एक, दहा वर्षांच्या वरचा असेल तर चार. बेरीज एक ते सहा आली तर त्रास सौम्य, चाळीस टक्क्यांच्या खाली. सात ते तेरा आली तर मध्यम, म्हणजे चाळीस टक्के आणि वर. बहुतेक योजनांचा उंबरठा हा चाळीसचाच आहे. म्हणजे सहा आणि सात यांच्यामध्ये एका गुणाची भिंत आहे आणि तिच्या अलीकडे-पलीकडे माणसाचं अख्खं आयुष्य.

दादाच्या कागदावर स्वतःची काळजी एक, माणसांशी वागणं एक, बोलणं-समजणं एक, काम दोन. एकूण पाच. आजाराचा काळ: एक. बेरीज सहा.

आजाराचा काळ एक! एकवीस वर्षांचा आजार दोन वर्षांच्या आत कसा बसला? पुन्हा फाईल काढून बघितली आणि कळलं. दादाचे जुने डॉक्टर निवृत्त झाल्यावर आम्ही दुसरीकडे उपचार सुरू केले होते, त्याला सव्वा वर्ष झालं होतं. फाईलमध्ये सर्वांत वर नव्या दवाखान्याचा केसपेपर होता. जुने कागद, भरती केल्याचं डिस्चार्ज कार्ड, सगळं खाली. बहुधा वरचीच तारीख बघितली गेली. मी कुणाला दोष देत नाही. एका दिवसात इतक्या फायली बघायच्या तर माझ्याकडूनही असं झालं असतं. पतसंस्थेतही मी आकडा चुकवते, म्हणून तर आमच्याकडे दुसरं माणूस तपासतं.

बाकीचे चारही गुण तसेच ठेवले आणि फक्त ती एक दुरुस्ती केली, तरी पाच अधिक चार, नऊ. भिंतीच्या पलीकडे.

ही चूक शोधायला डॉक्टर व्हावं लागत नाही, बेरीज येणारं कुणीही ती शोधू शकतं. पण कागद हातात हवा. तो पहिल्याच दिवशी मिळाला असता तर मी दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड घेऊन आले असते आणि बोर्डाच्या त्याच टेबलावर पाच मिनिटांत ही गोष्ट मिटली असती. अपील नको, माहिती अधिकार नको, माझ्या रजा नकोत, तुमचाही वेळ वाचला असता.

एक्याऐंशीव्या दिवशी मी अपील दाखल केलं. दीड पान लिहिलं. सोबत ते दोन झेरॉक्स, जुनं डिस्चार्ज कार्ड, एकवीस वर्षांतले मिळतील तेवढे केसपेपर तारखेच्या क्रमानं, दादाच्या जुन्या कारखान्याचं नोकरी सुटल्याचं पत्र आणि तीस दिवसांची एक वही. त्या वहीत मी रोज लिहिलं होतं: आज किती वेळा सांगितल्यावर अंघोळ, कुणाशी बोलला, औषध स्वतः घेतलं की द्यावं लागलं, रात्री किती वेळा उठला. वहीची कल्पना माझी नाही. ज्या शहरात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी या आजाराच्या माणसांसाठी आणि घरच्यांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, त्या शहरात मी राहते हे माझं भाग्य. नातेवाईक एकमेकांना भेटतात, बोलतात, तेव्हा अशा गोष्टी कळतात. एका आजोबांनी सांगितलं होतं, ‘तोंडी सांगशील तर रडशील आणि मुद्दा राहून जाईल. लिहून ने.’

फेरतपासणीत पाऊण तास गेला. त्यातली पंचवीस मिनिटं डॉक्टरांनी मला वेगळं बसवून विचारलं. शर्टाला इस्त्री कुणी केली हे विचारलं. घराबाहेर एकटा जातो का, गेला तर परत कसा येतो, पैसे हातात दिले तर काय करतो, पाहुणे आले तर कुठे असतो. कुठलाही प्रश्न कठीण नव्हता. पहिल्यांदाच कुणीतरी आमच्या घरातला दिवस बघतंय असं मला वाटलं. या वेळी बेरीज बारा आली. दादाचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आलं, पिवळं. चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या आतलं.

त्या कार्डानं काय झालं, तेही सांगायला हवं, कारण तपासणीच्या खोलीतून ते दिसत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना आता महिन्याला २,५०० रुपये मिळतात. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत लागतं, रहिवासाचा पुरावा लागतो, तलाठी आणि तहसील कार्यालयाच्या खेपा होतात, तो वेगळाच प्रवास आहे. एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांग भावासाठी मला ७५,००० रुपयांची वजावट घेता येते. यातलं काहीच फार मोठं नाही. दादाची औषधं महिन्याला अठराशेची आहेत. पण पहिल्यांदा पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, तेव्हा तो मी त्याला वाचून दाखवला. त्यानं फोन हातात घेतला, स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाला, ‘माझा पगार आला.’ भोसरीची नोकरी सुटल्यापासून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

आता तुमच्या बाजूबद्दल. ती मला दिसत नाही असं नाही.

तुमच्यावर कामाचा भार आहे. ओपीडी, वॉर्ड, परीक्षा, न्यायालयाच्या तारखा, आणि त्यातूनच बोर्डाचा दिवस. दारात एजंट फिरतात, तेही मी बघितलं आहे. बनावट दाखल्यांची भीती खरी आहे. २०२४ मध्ये पुण्यातच नेमणूक असलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून देशभर गदारोळ झाला. त्यानंतर सही करताना हात आखडणं मी समजू शकते. पण फसवणुकीसाठी याच कायद्यात कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोट्या माणसाला पकडायची ती वाट आहे. खऱ्या माणसाला कारण न सांगता परत पाठवून खोटा माणूस सापडत नाही. उलट कारण लिहिलेला कागद तुमचंच संरक्षण करतो. उद्या कुणी विचारलं की याला का दिलं आणि त्याला का नाही, तर उत्तर फाईलमध्ये असेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात तपासणी मंडळांना असंच काहीसं सांगितलं: नुसता टक्क्याचा आकडा बघून उमेदवाराला अपात्र ठरवू नका, त्याच्या दिव्यांगत्वामुळे शिक्षणात अडचण येईल की नाही ते स्पष्ट नोंदवा आणि येईल म्हणत असाल तर कारणं द्या. तो मुद्दा प्रवेशाचा होता, आमचा दाखल्याचा. पण आकड्यामागचं कारण उघड असावं, ही अपेक्षा दोन्हीकडे एकच आहे.

कुणी म्हणेल, कारणं लिहून दिली तर अपिलं वाढतील. माझा अनुभव उलटा आहे. पतसंस्थेत कर्ज नामंजूर झालं की आम्ही सभासदाला कारण लिहून देतो: जामीनदार कमी, उत्पन्नाचा दाखला जुना, आधीचा हप्ता थकलेला. बहुतेक सभासद तो कागद वाचून गप्प बसतात, नाहीतर कमी असलेला कागद घेऊन परत येतात. पूर्वी आमचे एक व्यवस्थापक तोंडी नाही म्हणायचे. त्या काळात तीच माणसं रोज काउंटरवर उभी असायची, कारण त्यांना वाटायचं की आपलं काहीतरी लपवलंय. लेखी नकार कडू असतो, पण माणूस तो घेऊन घरी जातो.

तेव्हा एवढं करा. आठवा नमुना छापून बोर्डाच्या टेबलावर ठेवा आणि नकार देताना तिथेच भरा. ‘बसत नाही’ हे कारण नाही. चारही बाबींचे गुण आणि आजाराच्या काळाचे गुण लिहा. मराठीत लिहा. ज्या बाई सही करताना अंगठा उठवतात, त्यांनाही शेजारच्या मुलाकडून तो वाचून घेता आला पाहिजे. खाली अपील अधिकाऱ्याचं पद आणि कार्यालयाचा पत्ता लिहा, आणि नव्वद दिवस कधी संपतात ती तारीखही. पोर्टलवर अर्ज फेटाळताना शेऱ्याची जागा रिकामी सोडू नका.

आणि मानसिक आजाराच्या माणसासोबत जे कुणी आलं असेल, आई, बहीण, बायको, त्यांना पाच मिनिटं वेगळं बसवून विचारा. आईला मुलासमोर सांगता येत नाही की तो रात्री दार आतून लावून घेतो आणि ती जिन्यात झोपते. फायलीतला सर्वांत खालचा कागदही बघा. आमच्यासारख्या घरांत सर्वांत जुना कागद सर्वांत खाली असतो आणि या मोजमापात त्याचेच गुण सर्वांत सरळ मिळतात.

यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही, नवा निधी लागत नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला. दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय तर आपल्याच शहरात, चर्च रोडवर आहे. या पत्राची एक प्रत मी तिथेही देणार आहे, तक्रार म्हणून नाही, विनंती म्हणून. पण मुळात हा कागद तुमच्या टेबलावरचा आहे. तिथूनच तो निघायला हवा.

शेवटी एक गोष्ट, जिच्यामुळे हे पत्र आजच लिहिते आहे.

फेरतपासणीच्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी भोरहून आलेल्या एक मावशी होत्या. त्यांचा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, आजार बारा वर्षांचा. त्यांनाही खिडकीवरच सांगितलं होतं, बसत नाही. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही. अर्ज गावातल्या सेवा केंद्रातून भरला होता, त्याची पावतीसुद्धा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. माझ्या हातातले ते दोन झेरॉक्स बघून त्या म्हणाल्या, ‘ताई, मला असं काहीच दिलं नाही. मी अर्जाला काय जोडू?’ मी त्यांना माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला, तिकीट चिकटवून दिलं. काल त्यांचा फोन आला, अजून उत्तर नाही. त्यांच्या नव्वद दिवसांपैकी एकोणसत्तर संपले आहेत. राहिलेल्या एकवीस दिवसांत तुमच्यापैकी कुणीतरी तो नमुना भरून त्यांच्या पत्त्यावर पाठवावा, एवढंच मागते.

आपली विश्वासू,
एक बहीण
धनकवडी, पुणे